शेंदराखालचा बाण

वाशीमला आमचं किराण्याचं दुकान आहे. सकाळी शटर वर केल्यावर बाबा पहिलं काम करतात ते काट्याचं. इलेक्ट्रॉनिक काटा येऊन कितीतरी वर्षं झाली, त्यावर शून्य आपोआप येतं, तरी ते रिकामं ताट फडक्याने पुसतात, आकड्याकडे जरा वेळ बघत राहतात आणि मगच समोरच्या गिऱ्हाइकाला 'हं, बोला' म्हणतात. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. पुढे मी स्थापत्यची पदविका घेतली, पाणीपुरवठ्याच्या सर्वेक्षणाला जाऊ लागले, गळ्यात ओळखपत्र लटकलं, तेव्हा तर जास्तच यायचं. ते हसू एका बाईने बंद केलं. तिचे उपकार फेडायचे म्हटले तर मला जमायचे नाहीत. निदान लिहून तरी ठेवते.

आमचं ऑफिस लहान, खाजगी. सरकारी योजनांसाठी मोजणी करून द्यायची, नकाशे काढायचे, गावात जाऊन लोकांना समजावून सांगायचं, एवढंच आमचं काम. त्या साली आमच्याकडे एका प्रादेशिक योजनेचा एक तुकडा आला होता. प्रादेशिक म्हणजे प्रत्येक गावाची वेगळी विहीर नाही. धरण एक, पाणी शुद्ध करायचं केंद्र एक, आणि तिथून मोठ्या पाइपाने गावोगावच्या टाक्यांत पाणी.

पहिल्या गावातली पहिली ग्रामसभा मला अजून आठवते. आमच्या साहेबांनी अहवाल वाचायला घेतला. 'प्रस्तावित उद्भवापासून अशुद्ध जलवाहिनीद्वारे' इथवर ते आले तोवर मागच्या दोन रांगा तंबाखू मळत उठूनही गेल्या. एक म्हातारबा जाता जाता माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "पोरी, नळ येनार हाये का नाई, येवढंच सांग ना."

परतताना शेलूबाजारला चहाला थांबलो तेव्हा साहेब म्हणाले, "तुझी मराठी बरी आहे. या सगळ्या शब्दांचं एक पत्रक कर. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, आणि अर्थ असा की माझ्या आईला कळला पाहिजे."

मी ते पत्रक मन लावून केलं. उद्भव म्हणजे पाणी जिथून उचलायचं ती जागा. जलकुंभ म्हणजे उंच टाकी. भूवापर म्हणजे कुठली जमीन आज कशासाठी वापरात आहे, पेरतात, चारतात, राहतात की काहीच नाही. गावठाण म्हणजे कागदावर राहण्यासाठी ठरवून दिलेली जागा. ई-क्लास म्हणजे सरकारी पण गावच्या ढोरांसाठी राखलेली जमीन. अवशिष्ट दाब या शब्दावर मी दोन दिवस अडले होते. शेवटी लिहिलं, 'शेवटच्या नळापर्यंत पोचल्यावर पाण्यात उरलेला जोर'. साहेबांनी ते वाचून मान डोलावली आणि मी दिवसभर हवेत होते. शब्दांचे अर्थ आले म्हणजे काम आलं, असा माझा समज होता.

ज्या गावाची ही गोष्ट आहे ते केनवडच्या बाजूला आहे. मूळ गाव नाल्याकाठी, सखल, काळ्या मातीत. गावाच्या वरच्या अंगाला एक टेकाड आणि त्यावर मजुरी करणाऱ्यांची वस्ती. बहुतेक घरं बौद्धांची, मध्ये एक छोटंसं विहार, त्याच्या भिंती दरवर्षी पांढऱ्याशुभ्र रंगवलेल्या. खाली नाल्याजवळ विहीर आणि हातपंप. टेकाडावरच्या बाया रोज खाली उतरायच्या आणि डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढ चढायच्या. त्या गावाच्या योजनेत सगळ्यात शेवटचा नळ टेकाडावर होता. तिथे पाणी चढलं की योजना चढली, असं साधं गणित होतं.

ते चढतं की नाही हे बघण्यासाठी उंची मोजायची असते. आणि उंची मोजायला सुरुवात कुठून तरी करावी लागते. त्या सुरुवातीच्या ठिकाणाला तलचिन्ह म्हणतात. जुन्या काळी मोजणी करणाऱ्यांनी ठिकठिकाणी दगड रोवून त्यांच्यावर खूण कोरलेली असते आणि तो दगड समुद्रसपाटीपासून किती उंच, ते नोंदवहीत लिहिलेलं असतं. आपण त्या दगडावर मोजपट्टी उभी करायची, नोंदवहीतला आकडा खरा धरायचा, आणि तिथून पुढे सगळं गाव मोजत जायचं. हल्ली उपग्रहावरून उंची सांगणारी यंत्रं आहेत, पण आमच्याकडे तेव्हा एकच होतं. ते टाकीची जागा मोजणाऱ्या दुसऱ्या तुकडीने नेलं होतं. माझ्या वाट्याला गाव, वस्ती आणि दगड आला.

दगड सापडायला वेळ लागला नाही. गावातल्या पाराजवळ, कमरेच्या वर येईल एवढ्या पक्क्या ओट्यावर तो उभा होता. शेंदराने लाल झालेला, समोर उदबत्तीची राख, बाजूला वाळकं फूल. कुणी तरी माझ्याआधी पाया पडून गेलं होतं. दगडाच्या अंगावर मोजणीवाल्यांची ती खूण होती, आडवी रेघ आणि तिला खालून टेकलेला तीन फाट्यांचा बाण. शेंदराखाली तो बाण हुबेहूब त्रिशूळ दिसत होता. लोकांनी त्याला देव केला यात नवल ते काय! मला तर कौतुकच वाटलं. मी चपला काढल्या, नमस्कार केला, माझ्या मदतनिसाला अलगद पट्टी धरायला सांगितली आणि रीडिंग घेतलं. ओट्याकडे पाहून माझ्या मनात एकही प्रश्न आला नाही. आपल्याकडे देव म्हटला की त्याच्याखाली ओटा असायचाच.

दोन दिवसांत गाव मोजून झालं. कागदावर टेकाडावरच्या शेवटच्या नळाला जेमतेम दाब मिळत होता, पण मिळत होता. नकाशा झाला, साहेबांची सही झाली, आणि महिन्याभराने मी माझं पत्रक घेऊन त्या गावच्या ग्रामसभेत उभी राहिले.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. पुढे पुरुष, एका बाजूला बाया, आणि टेकाडावरच्या बाया अगदी मागे, खांबाला टेकून. पत्रकामुळे सभा खरंच रंगली. उद्भवावर प्रश्न आले, जलकुंभावर आले. एकाने विचारलं, "टाकीत कबूतर पडलं तं?" आणि सगळे हसले. मग मी ई-क्लास आणि अतिक्रमण या शब्दांवर आले. वाचून झाल्याबरोबर पुढच्या रांगेतला एक जण मागे वळून मोठ्याने म्हणाला, "म्हंजे टेकाडावरचे घरं..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

मागच्या बायांपैकी कुणी पदर ओढून घेतला, कुणी खाली फरशीकडे बघू लागलं. टेकाड ई-क्लासमध्ये आहे हे मला नकाशावरून माहीत होतं. त्या शब्दाखाली माणसं राहतात हे मी पत्रक लिहिताना विसरले होते. मी घाईघाईने पुढच्या शब्दावर गेले.

पुढचा शब्द तलचिन्ह होता. मी हौसेने सांगितलं की तुमच्या पाराजवळचा देव हा मोजणीचा दगड आहे, त्याच्या उंचीवरून आम्ही सगळं गाव मोजलं. लोकांना गंमत वाटली. आणि मागून, खांबापाशी बसलेली एक बाई उठून उभी राहिली. चाळिशीची असेल. उन्हाने रापलेली, बोटांच्या पेरांत सिमेंटने पांढऱ्या भेगा पडलेली.

"मॅडम, तो शेंदराचाच दगड म्हंता ना? पाराजोळचा?"

"हो, तोच."

"मंग तो तं तिथला नाई."

मी हसले असेन. म्हणाले, "म्हणजे?"

"तो खाली व्हता, जमिनीबरोबर. वट्टा बांदला तवा उचलून वर ठेवला. येवढा." तिने छातीखाली हात आडवा धरून दाखवला. "त्या वट्ट्याच्या मालाचे घमेले म्याच वाहिले."

सभेत कुजबुज झाली. मघाचाच पुढच्या रांगेतला माणूस म्हणाला, "तुले काय करा लागते आमच्या देवाचं?"

ती चिडली नाही. अगदी सरळ म्हणाली, "देव तुमचा हाये, म्या कुठं नाई म्हनलं? वट्टा माह्या हातचा हाये."

हसू फुटलं सगळीकडे, त्या माणसालाही फुटलं. माझी मात्र पाचावर धारण बसली होती. नोंदवहीतला आकडा जमिनीबरोबरच्या दगडाचा होता आणि मी पट्टी धरली होती ओट्यावर चढलेल्या दगडावर. म्हणजे गावातली आणि टेकाडावरची प्रत्येक जागा मी खऱ्यापेक्षा ओट्याएवढी खाली दाखवली होती. टाकी दुसऱ्या तुकडीने यंत्राने मोजली होती, ती बरोबर होती. कागदावर जेमतेम चढलेलं पाणी प्रत्यक्षात टेकाडावर चढणार नव्हतं. सगळी योजना झाली असती, पाइप पुरले असते, उद्घाटनाचे हार पडले असते, आणि शेवटच्या नळातून नुसती हवा फुसफुसली असती. त्या बायांनी पुन्हा हंडे घेऊन नाल्याकडची वाट धरली असती.

तेव्हा मी काय म्हणाले ते सांगायची लाज वाटते. मी म्हणाले, "ठीक आहे, तपासून सांगते." जणू चूक तिची असू शकते.

सभा संपल्यावर मी टेप घेऊन पाराकडे गेले. ती बरोबर आली. टेपचं खालचं टोक तिनेच धरलं. चार फुटांना दोन बोटं कमी. परत येताना तिने हळू आवाजात विचारलं, "आता पुन्हा मोजाले येसान ना?"

"यावं लागेल, ताई."

"मंग घरं बी मोजसान. कागदावर काय लिवसान आमच्या घराईचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती उभी राहिली तेव्हा तिला हे ठाऊक होतं. अतिक्रमण हा शब्द त्याच्या पाचच मिनिटं आधी तिच्या कानावर पडला होता. मोजणीवाले आपल्या दारात परत येऊ नयेत, असं वाटायला तिच्याएवढं कारण त्या सभेत कुणालाच नव्हतं. तरी ती उठली होती. मी म्हणाले, "बघते." आणि जीपमध्ये जाऊन बसले.

जीपमध्ये माझा एक सहकारी होता. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. सही साहेबांची आहे. पाणी नाही चढलं तर म्हणतील, धरणात कमी होतं. असं कितीतरी ठिकाणी चालतं." तो वाईट माणूस नव्हता, माझी नोकरी वाचावी असंच त्याला वाटत होतं. आणि खरं सांगते, शिरपूरच्या फाट्यापर्यंत मलाही तेच बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना मी दुकानात डोकावले. बाबा ताट पुसत होते. शून्याकडे बघत होते. मी किती तरी वेळ तिथेच उभी राहिले असणार, कारण ते म्हणाले, "काय गं, काही विसरली का?"

"हो," मी म्हटलं, "काटा बघायला विसरले."

त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. "मग परत तोल," म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

साहेबांना सांगताना मला रडू आलं. ते रागावले, चांगलेच रागावले. सही त्यांची होती. मग नकाशा पुढ्यात ओढला आणि म्हणाले, "टाकीचे खांब अजून उभे राहिले नाहीत, नशीब समज. चार फूट वाढवून मागू. पण गावात जाऊन तूच सांगायचं. पत्रक वाचलं तसंच, उभं राहून."

मी सांगितलं. त्याच व्हरांड्यात, दुसऱ्या सभेत. म्हणाले, दगड हललेला होता आणि मी तो न विचारता खरा धरला, चूक माझी आहे, यंत्राची नाही आणि दगडाची नाही, या ताईंनी सांगितलं नसतं तर टेकाडावर पाणी गेलं नसतं. कुणी हसेल असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतला तो माणूसच म्हणाला, "चुकते मानूस. बसा, चहा घ्या."

मग टेकाड पुन्हा मोजलं, दारोदार. या खेपेला मी प्रत्येक दगडाबद्दल, प्रत्येक पायरीबद्दल विचारत सुटले होते, हे आधीपासून इथेच आहे का, कुणी उचललं का, कुणी भर घातली का. बाया पदराआड हसायच्या. नकाशावर मी त्या टेकाडापुढे भूवापराच्या रकान्यात लिहिलं, 'निवासी वस्ती'. ई-क्लास हा जमिनीचा वर्ग झाला, वापर काय आहे असं रकाना विचारत होता, आणि वापर समोर दिसत होता. चुली पेटलेल्या, दोरीवर वाळणारे शाळेचे गणवेश. साहेबांनी त्या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे का?" विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी सही केली. त्या एका शब्दाने घरं कायदेशीर झाली नाहीत, एवढं मला कळतं. पण आमच्या कागदावर तरी ती अतिक्रमण नव्हती, आणि पाइप तिथपर्यंत काढायला तेवढं पुरलं.

योजना म्हटली की दोन वर्षं जातातच. मध्ये मी दुसऱ्या तालुक्यात कामाला गेले. पण पत्रक सुधारत राहिले. तलचिन्हापुढे आता असं लिहिलेलं आहे, 'मोजणी सुरू करायचा दगड. वापरण्याआधी गावात विचारावे की तो हलवला आहे का. ज्यांनी बांधकाम केले त्यांना आधी विचारावे.' नव्या मुली कामावर येतात, हे वाचून हसतात. हसू देते मी.

मागच्या वर्षी चाचणीच्या दिवशी साहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. टाकी भरली होती, खाली गावात नळ सुटले होते, आणि आम्ही टेकाड चढत होतो. आकडे मी दहादा तपासले होते, तरी चढता चढता मनात पुन्हा जुळवत होते. मागे एकदा इतक्याच खात्रीने मी चुकले होते.

शेवटचं घर तिचंच होतं. अंगणात नळ, आणि नळाखाली ओटा. चांगला घोटून काढलेला, घागर ठेवली की तिचं तोंड बरोबर नळाखाली येईल एवढ्या उंचीचा. सिमेंट जुनं दिसत होतं, कोपऱ्यांना हिरवट रंग चढलेला. चावी फिरवली. आधी हवा आली, फुस्स. मग गढूळ धार आली, अडखळली, आणि मग स्वच्छ, जाड, सलग धार घागरीत पडू लागली. कुणी टाळ्या वाजवल्या. मी रडत होते, मला लपवावंसं वाटलं नाही.

ती हसत होती. म्हणाली, "कायले रडता मॅडम, पानी खारं होईन."

डोळे पुसून मी त्या ओट्याकडे बघितलं. विचारलं, "ताई, हा ओटा नवा नाही. नळ तर आठ दिवसांपूर्वी बसला."

"नवा कायचा! तुमी सभेत उभ्या राहून म्हनल्या ना, का चूक माही हाये. त्याच्या दुसऱ्या दिवशी बांदला म्या. कामावरचा उरलेला माल आनला व्हता."

"आणि पाणी आलंच नसतं तर?"

तिने घागर उचलून कडेला घेतली आणि रिकामी कळशी नळाखाली सरकवली.

"आपली चूक चारचौघात सांगनारं मानूस परत मोजते ते बरोबरच मोजते. शेजारच्या हसत, नळाबिगर वट्टा म्हनून. म्या म्हनो, हसा." मग ओट्यावर हात फिरवून म्हणाली, "दोन वर्सं याच्यावर बसून लसून सोलला."